‘मिसिंग राउटिंग हेडर’: फायरस्टोअरच्या जीआरपीसी कॉलवर हा एरर परत परत का येतो

आधी लक्षण. फायरस्टोअर हा गूगलचा क्लाउड डेटाबेस, आणि जीआरपीसी ही त्याच्या सर्व्हरवरच्या पद्धती (मेथड) नेटवर्कवरून बोलावायची रीत. प्रत्येक कॉलसोबत माहितीचे छोटे हेडर जातात. प्रोजेक्टमधला फायरस्टोअरचा नेहमीचा ‘(डीफॉल्ट)’ डेटाबेस वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू असतो. मग कोणीतरी स्वतंत्र नावाचा दुसरा डेटाबेस तयार करतं, समजा ‘ऑर्डर्स-मुंबई’. परवानग्या ठीक असतात, कन्सोलमध्ये डेटा दिसतो. कोडमधून पहिला कॉल केला की मात्र स्टेटस ३, म्हणजे इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, आणि सोबत हा मजकूर:

मिसिंग राउटिंग हेडर. प्लीज फिल इन द रिक्वेस्ट हेडर विथ फॉरमॅट एक्स-गूग-रिक्वेस्ट-पॅराम्स:प्रोजेक्ट_आयडी={}&डेटाबेस_आयडी={}

(हेडरची आणि पद्धतींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायची. हेडरचं नाव पूर्ण लहान लिपीत, आणि जोडरेघ व अंडरस्कोर इथे दाखवलेत तिथेच.)

काय हवं ते एररमध्येच लिहिलंय, मग अडचण कुठे? अडचण ही की हा एरर एका जागी दाबला की दुसरीकडून डोकं वर काढतो. एक डॉक्युमेंट वाचता येतं, पण क्वेरी फुटते. क्वेरी दुरुस्त केली की बदल ऐकणारा लिसनर पडतो. तोही चालू केला की पुढच्या रिलीजनंतर सगळंच पुन्हा बंद. बहुतेक टीम ज्या कॉलवर एरर आला त्या कॉलला हेडर चिकटवून मोकळ्या होतात आणि तिथेच फसतात. हेडर कॉलगणिक चिकटवायचा नसतो. क्लायंट जिथे तयार होतो तिथे, एकाच ठिकाणी आणि सगळ्या प्रकारच्या कॉलसाठी तो लावायचा असतो. ‘सगळ्या प्रकारच्या’ यात काय काय येतं हे नीट पाहिलं की बाकीचं सोपं आहे.

हेडर मुळात लागतोच कशाला

जीआरपीसी एचटीटीपी/२ वर चालतं. प्रत्येक कॉल पोस्ट असतो आणि पाथमध्ये फक्त सेवेचं व पद्धतीचं नाव असतं: ‘/गूगल.फायरस्टोअर.व्ही१.फायरस्टोअर/कमिट’. कोणता प्रोजेक्ट, कोणता डेटाबेस, कोणतं डॉक्युमेंट ही सगळी माहिती बॉडीत, प्रोटोबफच्या बायनरी स्वरूपात असते. ती वाचायला त्या मेसेजची स्कीमा लागते.

दुसरीकडे पत्ता सगळ्यांना एकच, फायरस्टोअर.गूगलएपीआयज.कॉम. डेटाबेस मुंबईच्या ‘एशिया-साउथ१’ रीजनमध्ये असो, दिल्लीच्या ‘एशिया-साउथ२’मध्ये असो की अमेरिकेतल्या ‘नॅम५’ या मल्टि-रीजनमध्ये, रिक्वेस्ट येते त्याच दारात. डेटाबेसचं लोकेशन तो तयार करतानाच ठरतं आणि नंतर बदलत नाही. म्हणजे दारातल्या यंत्रणेला बॉडी न उघडता ठरवायचं असतं की ही रिक्वेस्ट कुठे पाठवायची. सरकारी कचेरीतला आवक-जावकचा कारकून पाकिटावरचं नाव बघून ते टेबलावर धाडतो, आतला अर्ज वाचत बसत नाही. तसंच इथे. पाकिटावर नाव नसेल तर ते परत जाणार.

एका प्रोजेक्टमध्ये एकच डेटाबेस होता तोवर ही माहिती नसली तरी भागत होतं. एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक डेटाबेस ठेवायची सोय आली आणि हा हेडर सक्तीचा झाला. म्हणूनच जुना कोड ‘(डीफॉल्ट)’वर चालतो आणि नाव दिलेल्या डेटाबेसवर अडतो.

आता हमखास येणारा प्रश्न: ‘कर्लने तर चालतंय की!’ चालणारच. कर्ल (कमांडलाइनवरून यूआरएलला हाक मारणारं साधन) रेस्टने, म्हणजे साध्या एचटीटीपीने जातं, आणि रेस्टच्या यूआरएलमध्ये ‘/व्ही१/प्रोजेक्ट्स/…/डेटाबेसेस/…/डॉक्युमेंट्स’ असा पूर्ण मार्ग दिसतो. दारातल्या यंत्रणेला हवं ते तिथेच मिळतं. त्यामुळे कर्लची चाचणी टोकन आणि परवानग्या ठीक असल्याची खात्री देते. जीआरपीसीच्या हेडरबद्दल ती काहीच सांगत नाही.

हा तोच एरर आहे ना, आधी बघा

तीन वेगळ्या तक्रारी एकाच माळेत ओवल्या जातात. कोड ५, नॉट फाउंड, आणि मजकुरात ‘डेटाबेस (डीफॉल्ट) डज नॉट एक्झिस्ट’ असं असेल, तर क्लायंटला डेटाबेसचं नावच दिलेलं नाही. तो मुकाट्याने डीफॉल्टकडे गेला आणि प्रोजेक्टमध्ये डीफॉल्ट नाहीच. तिथे हेडर जोडून उपयोग नाही, क्लायंट तयार करतानाच डेटाबेसचं नाव द्या. कोड ७, परमिशन डिनाइड, म्हणजे रिक्वेस्ट योग्य जागी पोचली, पण सर्व्हिस अकाउंटला भूमिका कमी पडतेय. कोड १६ म्हणजे टोकनच धड नाही. कोड ३ आणि मजकुरात राउटिंग हेडरचा उल्लेख असेल तरच पुढे वाचा.

आणखी एक. लोड बॅलन्सरचा किंवा प्रॉक्सीचा डॅशबोर्ड बघून ‘आमच्याकडे सगळं हिरवं आहे’ असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. जीआरपीसीत कॉल अयशस्वी झाला तरी एचटीटीपी स्टेटस साधारणपणे २०० च असतं, खरा निकाल ‘जीआरपीसी-स्टेटस’ नावाने उत्तराच्या अगदी शेवटी येणाऱ्या हेडरमध्ये, म्हणजे ट्रेलरमध्ये येतो. ट्रेलर न मोजणाऱ्या डॅशबोर्डला यातलं काहीच कळत नाही.

कोड ३ वर रीट्रायही लावू नका. तीच रिक्वेस्ट परत पाठवली तर तेच उत्तर येणार. एका टीमने प्रत्येक एररवर सरसकट रीट्राय लावला होता. त्यामुळे मूळ एरर लॉगमध्ये दिसेचना, शेवटी दिसायचा तो फक्त ‘डेडलाइन एक्सीडेड’. दोन दिवस सगळे नेटवर्कच्या मागे लागले होते. रीट्रायच्या यादीतून इनव्हॅलिड आर्ग्युमेंट काढल्याबरोबर खरा मजकूर समोर आला.

हेडर नेमका कसा दिसला पाहिजे

असा:

एक्स-गूग-रिक्वेस्ट-पॅराम्स: प्रोजेक्ट_आयडी=दुकान-प्रॉड&डेटाबेस_आयडी=ऑर्डर्स-मुंबई

एकच हेडर, त्यात दोन जोड्या, मध्ये ‘&’. दोन वेगळे हेडर नाहीत, मध्ये स्वल्पविराम नाही, ‘&’ च्या आजूबाजूला जागा नाही. प्रोजेक्ट_आयडी म्हणजे प्रोजेक्टचं कन्सोलवर दिसणारं सुटसुटीत नाव नव्हे. बॉडीतल्या ‘प्रोजेक्ट्स/’ नंतर जे येतं तेच इथे. डेटाबेस_आयडीत फक्त शेवटचा तुकडा, पूर्ण ‘प्रोजेक्ट्स/…/डेटाबेसेस/…’ मार्ग नाही. हा पूर्ण मार्ग कोंबलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय, कारण बॉडीत तो तसा लागतो आणि हात त्याच सवयीने चालतो.

किमती (म्हणजे ‘=’ नंतर येणाऱ्या व्हॅल्यू) यूआरएलसारख्या एन्कोड करायच्या. फायरस्टोअरच्या डेटाबेसच्या नावात लहान अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालतं, लांबी ४ ते ६३, त्यामुळे तिथे एन्कोडिंगचं काम सहसा पडत नाही. अपवाद एकच, ‘(डीफॉल्ट)’. त्यातले कंस ‘%२८’ आणि ‘%२९’ होतात. हाताने स्ट्रिंग जोडू नका, भाषेतलं एन्कोड करणारं फंक्शन वापरा. पण पूर्ण हेडर त्यातून काढू नका. तसं केलं तर ‘=’ आणि ‘&’ सुद्धा एन्कोड होतात आणि हेडर आहे पण वाचता येत नाही अशी गत होते. आधी प्रत्येक किंमत वेगळी एन्कोड करा, मग जोडा.

एन्कोडिंगशी जोडलेलं एक लबाड प्रकरण आहे. डेटाबेसचं नाव कुबरनेटीसच्या सीक्रेटमधून फाइल म्हणून येतं आणि ते सीक्रेट कोणीतरी साध्या ‘एको’ने बनवलेलं असतं. ‘एको’ शेवटी एक नवी ओळ जोडतो. एन्कोड केलं की तीच ओळ ‘%०ए’ होऊन नावाला चिकटते. लॉगमध्ये डोळ्यांना नाव बरोबरच दिसतं, पण त्या नावाचा डेटाबेस अस्तित्वात नसतो. सीक्रेट ‘एको -एन’ने बनवा, आणि कोडमध्ये वाचताना दोन्ही टोकं छाटून घ्या.

लहान-मोठ्या अक्षरांचंही बघा. एचटीटीपी/२ मध्ये हेडरची नावं लहान लिपीतच जातात. गो आणि नोडच्या लायब्ररी तुमच्यासाठी बदल करून देतात. पायथनचं जीआरपीसी मात्र मोठं अक्षर दिसलं की मेटाडेटा (जीआरपीसीत हेडरना हेच नाव) अवैध म्हणून व्हॅल्यूएरर फेकतं. कॉल वायरवर जातच नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला राउटिंगचा एरर नाही तर भलताच एरर दिसेल.

आता नावात साम्य असलेले तीन हेडर. ‘गूगल-क्लाउड-रिसोर्स-प्रीफिक्स’ यात ‘प्रोजेक्ट्स/…/डेटाबेसेस/…’ असा पूर्ण मार्ग जातो. तो फायरस्टोअरच्या लायब्ररी आधीपासून पाठवतात आणि कोणाच्या तरी जुन्या कोडमध्ये तो सापडतोच. ‘एक्स-गूग-यूजर-प्रोजेक्ट’ हा कोटा आणि बिल कोणत्या प्रोजेक्टच्या नावावर टाकायचं ते सांगतो. ‘एक्स-गूग-एपीआय-क्लायंट’मध्ये लायब्ररीच्या आवृत्त्या असतात. यातला कुठलाही एक असला म्हणून राउटिंगच्या हेडरचं काम होत नाही.

तर्क करू नका, वायरवर बघा

‘आम्ही हेडर पाठवतोय’ हे वाक्य कोड वाचून म्हटलं असेल तर ते ग्राह्य धरू नये. आधी जीआरपीसीकर्लने (जीआरपीसीसाठीचं कर्ल) एक कॉल हाताने करा. टोकन ‘जीक्लाउड ऑथ प्रिंट-ॲक्सेस-टोकन’ देतं. डेटाबेसची खरी नावं ‘जीक्लाउड फायरस्टोअर डेटाबेसेस लिस्ट’मधून उचला, आठवणीतून नको. जीआरपीसीकर्लला ‘-एच’ने हेडर द्यायचा, ‘-व्ही’ लावायचं, म्हणजे पाठवला जाणारा मेटाडेटा कॉलच्या आधी छापून येतो.

इथे शेल एक खोडी करतो. हेडर अवतरणचिन्हांत नसेल तर ‘&’ पाशी शेल कमांड तोडतो, पहिला भाग बॅकग्राउंडला पाठवतो आणि ‘डेटाबेस_आयडी=…’ ही एक स्वतंत्र आज्ञा समजतो. कॉल अर्धवट तुटतो आणि एरर भलताच येतो. ‘(डीफॉल्ट)’चे कंस उघडे टाकले तर शेल त्यांचाही वेगळाच अर्थ लावतो. पूर्ण हेडर एकेरी अवतरणात टाका आणि विषय संपवा.

हाताने केलेला कॉल चालला आणि ॲपचा नाही चालला, तर फरक ॲपच्या मेटाडेटात आहे एवढं पक्कं. पायथन, रुबी, पीएचपी, सी++ मध्ये ‘जीआरपीसी_व्हर्बोसिटी=डीबग’ आणि ‘जीआरपीसी_ट्रेस=एचटीटीपी’ हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावले की हेडर लॉगमध्ये दिसतात. हे प्रॉडक्शनवर चालू ठेवू नका. ऑथोरायझेशनचं टोकनसुद्धा त्याच लॉगमध्ये सांडू शकतं.

दुरुस्ती: अधिकृत लायब्ररी वापरत असाल तर

हा भाग छोटा आहे. नाव दिलेल्या डेटाबेसला आधार देणारी आवृत्ती घ्या आणि क्लायंट तयार करताना डेटाबेस सांगा. गोमध्ये ‘न्यूक्लायंटविथडेटाबेस’, पायथनमध्ये क्लायंटला ‘डेटाबेस’ हे आर्ग्युमेंट, नोडमध्ये ‘डेटाबेसआयडी’ ही सेटिंग. हेडर लायब्ररी स्वतः लावते, तुम्ही वेगळा लावू नका.

‘अपग्रेड तर केली होती’ असं असूनही एरर परत आला तर लॉक फाइल बघा. दुसऱ्या एखाद्या पॅकेजने फायरस्टोअरची जुनी आवृत्ती ओढून आणलेली असते. नोडमध्ये तर एकाच ॲपमध्ये दोन आवृत्त्या सुखाने नांदतात. ‘एनपीएम एलएस’ चालवून किती प्रती आहेत ते मोजा. फायरबेस ॲडमिन वापरणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं, कारण फायरस्टोअरची लायब्ररी त्याच्या पोटात येते आणि आपण थेट बसवलेली वेगळी.

दुरुस्ती: आरपीसी एपीआय थेट वापरत असाल तर

प्रोटो फाइलमधून (एपीआयच्या पद्धती आणि मेसेज यांची व्याख्या असलेली फाइल) स्वतः क्लायंट बनवणारे, किंवा अधिकृत लायब्ररी नसलेल्या भाषेत काम करणारे, यांच्यासाठी खरा मजकूर इथे आहे.

उपाय इंटरसेप्टरचा: चॅनेल (सर्व्हरशी जोडणी) तयार करताना एक फंक्शन जोडायचं, जे प्रत्येक बाहेर जाणाऱ्या कॉलच्या मेटाडेटात हेडर घालतं. हे जवळपास सगळेच करतात. चुकतं ते इंटरसेप्टरच्या प्रकारात.

फायरस्टोअरच्या पद्धती तीन जातींच्या आहेत. गेटडॉक्युमेंट, क्रिएटडॉक्युमेंट, कमिट, बिगिनट्रान्झॅक्शन, बॅचराइट या साध्या: एक रिक्वेस्ट, एक उत्तर. रनक्वेरी, बॅचगेटडॉक्युमेंट्स आणि रनॲग्रिगेशनक्वेरी यांत रिक्वेस्ट एक पण उत्तरांची स्ट्रीम. राइट आणि लिसन या दुतर्फा स्ट्रीम. गोमध्ये साध्या कॉलचा इंटरसेप्टर वेगळा आणि स्ट्रीमचा वेगळा. फक्त पहिला जोडला की गेटडॉक्युमेंट आणि कमिट चालतात, रनक्वेरी मात्र फुटते, कारण आपल्याला ती ‘एक क्वेरी’ वाटली तरी तांत्रिकदृष्ट्या ती स्ट्रीम आहे. सुरुवातीला म्हटलेलं ‘डॉक्युमेंट वाचता येतं, क्वेरी फुटते’ याचं कारण हे. पायथनमध्ये तर प्रकार चार: युनरी-युनरी, युनरी-स्ट्रीम, स्ट्रीम-युनरी, स्ट्रीम-स्ट्रीम. फायरस्टोअरला यातले तीन लागतात, तिसऱ्या क्रमांकाच्या जातीची पद्धत त्यात नाही. चारही वर्ग एकाच क्लासमध्ये वारसा म्हणून घेतले तरी हरकत नाही, उलट पुढे एखादी नवी पद्धत आली तर निस्तरत बसावं लागत नाही. जावावाल्यांचं नशीब चांगलं, तिथे एकच क्लायंटइंटरसेप्टर सगळ्यांना पुरतो.

हेडरमधली किंमत कुठून आणायची? प्रत्येक रिक्वेस्टच्या बॉडीतून काढावी असं आधी वाटतं. काढून बघा: गेटडॉक्युमेंटमध्ये ती ‘नेम’ या फील्डमध्ये, रनक्वेरीत ‘पेरेंट’मध्ये, कमिटमध्ये ‘डेटाबेस’मध्ये, आणि अपडेटडॉक्युमेंटमध्ये ‘डॉक्युमेंट’च्या आतल्या ‘नेम’मध्ये. चार ठिकाणं सांभाळायची. आणि दुतर्फा स्ट्रीमला हा मार्गच बंद, कारण हेडर स्ट्रीम उघडताना जातो आणि पहिला मेसेज त्यानंतर. इंटरसेप्टर चालतो तेव्हा हातात रिक्वेस्ट नसतेच. प्रोटोवरून आपोआप तयार झालेला क्लायंटसुद्धा याच कारणाने दुतर्फा स्ट्रीमसाठी हेडर बनवू शकत नाही. लिसनर सगळ्यात शेवटी पडतो तो यामुळे.

म्हणून उलट दिशेने जा. ‘प्रोजेक्ट्स/दुकान-प्रॉड/डेटाबेसेस/ऑर्डर्स-मुंबई’ ही एकच स्ट्रिंग कॉन्फिगमध्ये ठेवा. ती ‘/’वर तोडा. शून्यापासून मोजलं तर १ क्रमांकाचा तुकडा प्रोजेक्ट, ३ क्रमांकाचा डेटाबेस. यातूनच हेडर बनवा आणि बॉडीतली नावंही याच स्ट्रिंगला पुढे जोडून बनवा. हेडर एका डेटाबेसचा आणि बॉडी दुसऱ्याची, अशी फारकत मग होऊच शकत नाही. स्टेजिंगची कॉन्फिग उचलून प्रॉडक्शनला लावताना एक ठिकाण बदललं आणि एक राहिलं, हा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे.

एक चॅनेल आणि अनेक डेटाबेस, म्हणजे दर ग्राहकाला स्वतंत्र डेटाबेस अशी रचना असेल, तर मात्र हेडर चॅनेलला कायमचा बांधता येत नाही. तिथे प्रत्येक डेटाबेससाठी क्लायंटचा एक हलका आवरण-ऑब्जेक्ट करा, खालचं चॅनेल सगळ्यांचं सामायिक. मेटाडेटा प्रत्येक कॉलचा स्वतंत्र असतो, त्यामुळे एका कनेक्शनवर वेगवेगळ्या डेटाबेसचे कॉल एकाच वेळी गेले तरी अडत नाही. ग्राहकागणिक नवं चॅनेल उघडू नका, टीएलएसचा खर्च आणि उघड्या कनेक्शनची संख्या दोन्ही अंगावर येतात.

गो वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना

गोमध्ये बाहेर जाणारा मेटाडेटा कॉन्टेक्स्टमध्ये राहतो आणि त्यात भर घालायची दोन फंक्शनं आहेत. ‘अपेंडटूआउटगोइंगकॉन्टेक्स्ट’ असलेल्यात भर घालतं. ‘न्यूआउटगोइंगकॉन्टेक्स्ट’ आधीचा सगळा मेटाडेटा पुसून नवा ठेवतं. तुमचा इंटरसेप्टर बिनचूक असतो, पण त्याच्या पुढच्या क्रमांकावर कोणीतरी ट्रेसिंगचा इंटरसेप्टर जोडलेला असतो आणि तो दुसरं फंक्शन वापरतो. तुमचा हेडर गायब. ‘आमच्याकडे काहीच बदललं नाही, तरी परवापासून एरर येतोय’ अशी तक्रार आली की मी पूर्ण कोडबेसमध्ये हेच नाव शोधतो. राउटिंगचा इंटरसेप्टर साखळीत शेवटचा ठेवला तर हा धोका बराच टळतो.

भर घालण्यालाही दुसरी बाजू आहे. अपेंड नावाप्रमाणे भरच घालतं, जुनी किंमत बदलत नाही. लायब्ररीने एक हेडर लावला, तुम्ही दुसरा, तर एकाच नावाचे दोन हेडर जातात. एचटीटीपीच्या नियमाने असे हेडर वाटेत स्वल्पविरामाने जोडले जाऊ शकतात, आणि मग डेटाबेस_आयडीची किंमत ‘ऑर्डर्स-मुंबई,प्रोजेक्ट_आयडी=दुकान-प्रॉड’ अशी काहीतरी होऊन बसते. इंटरसेप्टरमध्ये आधी असलेला मेटाडेटा वाचा, हेडर असेल तर त्याला हात लावू नका.

मध्ये प्रॉक्सी असेल तर

ॲपच्या बाजूच्या ट्रेसमध्ये हेडर दिसतो, तरी एरर येतो? मग वाटेत कोणीतरी काढतंय. कंपन्यांच्या बाहेर जाणाऱ्या गेटवेवर ‘एक्स-’ने सुरू होणारे हेडर सरसकट काढून टाकायचा नियम असतो, आतली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. उद्देश चांगला, पण त्यात आपलाही हेडर जातो. एन्व्हॉय ही प्रॉक्सी असेल तर तिच्या रूट कॉन्फिगमध्ये हेडर काढण्याची यादी बघा आणि या एका नावाला सूट मागा. एन्व्हॉयमध्येच हेडर घालून टाकू, असाही सल्ला मिळतो. एकच डेटाबेस असेल तर तो चालेल, पण डेटाबेस दोन झाले की ॲपला काय हवंय हे एन्व्हॉयला कळायला परत कुठला तरी हेडरच लागतो. मला तरी तो मार्ग पटत नाही.

इतर एपीआयवर हाच एरर

हा हेडर फायरस्टोअरपुरता नाही. गूगलच्या एपीआय रचनेच्या नियमांपैकी ४२२२ क्रमांकाचा नियम याच विषयाचा आहे. हेडर बनवायच्या दोन रीती आहेत. गर्भित रीतीत, मेथडच्या एचटीटीपी नियमातल्या पाथमध्ये जे चल (व्हेरिएबल) असतात, त्यांच्या नावानेच हेडरमधली जोडी बनते: ‘नेम=…’, ‘पेरेंट=…’. स्पष्ट रीतीत प्रोटोमध्ये राउटिंगची वेगळी टीप असते आणि कोणत्या फील्डमधून कोणता तुकडा कोणत्या नावाने घ्यायचा ते तिथे लिहिलेलं असतं. दोन्ही असतील तर स्पष्ट रीत चालते. साच्यात ‘*’ म्हणजे एक तुकडा, ‘**’ म्हणजे शून्य किंवा अधिक तुकडे. एकाच नावाला एकापेक्षा जास्त साचे जुळले तर यादीतला शेवटचा जिंकतो, त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

डेटास्टोअर आणि बिगटेबल हे गूगलचेच दुसरे डेटाबेस. डेटास्टोअरच्या प्रोटोमध्ये प्रोजेक्ट_आयडी आणि डेटाबेस_आयडी या दोन्ही फील्डची स्पष्ट टीप आहे, त्यामुळे तिथे आपोआप तयार झालेला क्लायंट हेडर बिनबोभाट भरतो. बिगटेबलमध्ये नावं वेगळी, ‘टेबल_नेम’ आणि ‘ॲप_प्रोफाइल_आयडी’. तेव्हा फायरस्टोअरचा इंटरसेप्टर उचलून बिगटेबलच्या चॅनेलला लावू नका, एररचा मजकूर आणि प्रोटो फाइल बघून तिथली नावं घ्या. एन्कोडिंगमध्येही फरक दिसेल: गोचा क्लायंट ‘/’ला ‘%२एफ’ करतो, पायथनचा ‘/’ तसाच ठेवतो. दोन लॉग शेजारी ठेवून तुलना करताना या फरकाला दोषी धरू नका, तो दोष नाही.

परत येऊ नये म्हणून

इम्युलेटरवरच्या (फायरस्टोअरची चाचणीसाठीची नक्कल) चाचण्या हिरव्या आहेत यावर विसंबू नका. इम्युलेटर तुमच्याच यंत्रावर एकटा बसलेला असतो, त्याला रिक्वेस्ट कुठे पाठवायची हा प्रश्नच पडत नाही. त्याऐवजी प्रत्येक बिल्डमध्ये एक खोटा जीआरपीसी सर्व्हर उभा करा. त्याने उत्तर काहीही द्यावं, फक्त आलेला मेटाडेटा नोंदवावा. त्यावर एक गेटडॉक्युमेंट, एक रनक्वेरी आणि एक लिसन असे तीन कॉल करा, म्हणजे तिन्ही जाती आल्या. प्रत्येकात हा हेडर नेमका एकदाच आला का आणि किंमत अक्षरशः बरोबर आहे का, हे तपासा. ‘नेमका एकदाच’ हे महत्त्वाचं, नुसतं ‘आहे का’ तपासलं तर दुहेरी हेडर सुटून जातो. चाचणीत डेटाबेसचं नाव ‘(डीफॉल्ट)’ आणि दुसरं एखादं, दोन्ही घ्या. कंसांचं एन्कोडिंग पहिल्याने तपासलं जातं.

इंटरसेप्टर लागला, चाचणी बसली, की कॉलगणिक चिकटवलेले जुने हेडर शोधून काढून टाका. ते राहिले तर एवढ्यात काही बिघडणार नाही, पण डेटाबेसचं नाव बदलायची वेळ आली की त्यातला एखादा जुनंच नाव पाठवत बसेल.